राखेतली फ्लॉपी

मंगळ बाजारातल्या परवेजच्या दुकानावर ‘मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर दुरुस्ती’ अशी पाटी आहे. त्यातलं मोबाइल पोटापाण्याचं, टीव्ही सवयीचं आणि कॉम्प्युटर निव्वळ हट्टाचं. अब्बा, म्हणजे निजामभाई, गेले तेव्हा मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरची धुडं सोडून गेले. परवेजनं ती जुन्या चादरींनी झाकून ठेवली होती. महिन्यातून एकदा तो त्यांना वीज दाखवायचा, आणि पडद्यावर अक्षरं उमटली की एकटाच खूश व्हायचा. बायको गुलशन म्हणायची, भंगारवाल्याला घातली असती तर निदान दोन पातेली आली असती. परवेज हसण्यावारी न्यायचा. पण त्या गुरुवारी सकाळी दहाला काउंटरवर जे येऊन पडलं, त्यानं त्याचं हसणं पार घालवलं.

तो एक वाळलेला भोपळा होता, तोंड शेणानं लिंपलेलं. तो ठेवणारी बाई साठीची, कपाळावर गोंदण, पाय धुळीनं भरलेले. तिच्यामागे चाळिशीचा एक माणूस उभा होता. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

“तू निजामभाईना पोऱ्या ना?” बाईनं विचारलं.

परवेज त्रेपन्न वर्षांचा. त्याला पोऱ्या म्हणणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं. तो म्हणाला, “हा. तुम्ही कोन?”

“बेबीबाई. मोलगीकडनी. हिंमतराव डाक्टरनी पेटी मन्हा डोकावर ऱ्हाये. तू तठे बसीसन टकटक करे, आनी मी दारमा बसू.”

आणि परवेजला ती आठवली. एक्क्याण्णव सालची. डॉक्टर हिंमतराव तेव्हा सातपुड्यात मोलगीपासून काठीपर्यंत पाड्यापाड्यांवर लोकांचं रक्त तपासत हिंडत होते. ही तरणी बाई त्यांची नळ्यांची पेटी डोंगर चढून-उतरून वाहायची. सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवली ती एकोणीस वर्षांच्या परवेजनं, याच दुकानात. डॉक्टर जाऊन आता पंधरा वर्षं झाली होती.

मागचा माणूस पुढे आला. तो बेबीबाईचा मुलगा वीरसिंग. त्यानं फोन परवेजच्या हातात दिला आणि म्हणाला, “परवेजभाई, दवाखानाना डाक्टर बोली ऱ्हायनात. तुम्हीच ऐका. माले धड सांगता येत नही.”

फोनवरचा डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. “तुम्ही फ्लॉपी वाचू शकता का? हो की नाही एवढंच सांगा. वीरसिंगची बहीण आशा काल आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी ठीक आहे, पण आशाचं रक्त फार गेलं आणि तिचा ग्रुप बॉम्बे ब्लड ग्रुप आहे. साधं ओ तिला चालत नाही. भावाचं, आईचं, नवऱ्याचं, कुणाचंच जुळलं नाही. मुंबईहून दोन बाटल्या निघाल्यात, त्या उद्या सकाळी पोचतील. मला एक आज हवी, सहाच्या आत. आजी म्हणतात, जुन्या डॉक्टरांना अशा रक्ताची माणसं सापडली होती आणि त्यांची नावं एका फ्लॉपीत आहेत.”

“सहानंतर काय?” परवेजनं विचारलं.

“सहानंतर मी काही सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाला आणि फोन बंद झाला.

इतकी वर्षं परवेजकडे बिघडून यायचं ते फार तर कुणाची मालिका बुडेल असं. जीव अडकलेला जिन्नस या काउंटरवर कधी आला नव्हता. त्यानं भोपळ्याकडे पाहिलं. “फ्लॉपी कोठे शे?”

बेबीबाईनं शेणाचं झाकण नखानं उकललं, भोपळा कागदावर उपडा केला. भसकन राख पडली. राखाडी, मैद्यासारखी बारीक, चाळून घेतलेली राख. तिच्यात बोटं घालून तिनं एक चौकोनी काळी फ्लॉपी काढली, मोठी, सव्वापाच इंची, मधे गोल भोक असलेली. त्या भोकातूनही राख सांडत होती.

“डाक्टरनी सांगं व्हतं, बेबी, यामा आठ लोकसना जीव शे, जपीसन ठेव,” ती म्हणाली. “आम्ही बियानं राखमा ठेवतस. कीड लागत नही, ओल लागत नही. चुलावर टांगी दिधं व्हतं.”

परवेजनं कपाळावर हात मारून घेतला. फ्लॉपीच्या आत कागदाहून पातळ चकती फिरते आणि ड्राइव्हचं डोकं तिला टेकून चालतं. मधे केसभर धूळ आली तरी चरा जातो. इथे तर मूठभर राख होती, चौतीस वर्षांची. तो जरा चिडूनच बोलला, “माय, हाई काय जवारीनं बियानं शे का?” आणि लगेच शरमला.

“ऱ्हाऊ द्या,” तो वीरसिंगला म्हणाला. “डाक्टरनी माले दोन कॉप्या कराले सांग्या व्हत्या. एक मन्हा कपाटमा शे. डब्बामा, कागदना पाकिटमा, एकदम बराबर.”

हे सांगताना त्याची छाती जरा फुगली, खोटं कशाला बोला. अब्बांच्या लोखंडी कपाटात तो काळा डबा खरोखरच होता. फ्लॉपीवर त्याच्याच कोवळ्या अक्षरात ‘डॉ. हिंमतराव, रक्त’ असं लिहिलेलं होतं. त्यानं ती पाकिटातून काढली, खिडकीकडे धरून चकती बोटानं हळूच फिरवली. चकतीवर पांढरे ठिपके होते. चौतीस पावसाळ्यांची बुरशी. काही ठिपक्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता, म्हणजे वरचा थर बुरशीनं खाऊन टाकला होता. जिथे थर नाही तिथे अक्षर नाही. ती धुऊनही उपयोग नव्हता.

मागे वळून त्या दोघांना तोंड दाखवायची त्याला भीती वाटत होती. शेवटी तो फिरला आणि राखेतल्या फ्लॉपीची चकती त्याच उजेडात धरून पाहिली. राख होती, पण ठिपका एकही नव्हता. ना बुरशी, ना ओल. आता सगळा भार हिच्यावर होता.

“ही कापनी पडी,” तो म्हणाला.

बेबीबाईनं झटकन त्याचं मनगट धरलं. “कापू नको.”

“वरनी पिशवी कापसू, माय. आतली चकती नही. ती धुवाले लागी.”

तिनं मनगट सोडलं नाही. वीरसिंग तिच्याशी त्यांच्या पावरी बोलीत हलकेच काहीतरी बोलला, तेव्हा कुठे तिची बोटं सैल पडली.

ब्लेडनं त्यानं वरची कड कापली. चकती कडेला धरून बाहेर काढली. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ताटात ओतलं, त्यात साबणाचा एक थेंब, आणि चकती बुडवून बोटाच्या टोकानं पुसत राहिला. पाणी करडं झालं. ते टाकून दुसरं घेतलं, मग तिसरं. गुलशन घरातून चहा घेऊन आली आणि तिघांची तोंडं पाहून कप तसेच ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. पंखा लावता येत नव्हता, धूळ उडाली असती. चकती स्वच्छ दोरीवर टांगून ती सुकायची वाट बघणं एवढंच हातात होतं. त्या वेळात वीरसिंगनं चार वेळा दवाखान्यात फोन केला. चारही वेळा त्याला एकच उत्तर मिळालं, शुद्धीत आहे, पण बोलत नाही.

साडेबारा झाले. परवेजनं चकती एका कोऱ्या फ्लॉपीच्या पिशवीत सरकवली आणि कॉम्प्युटर चालू केला.

दुकानात सव्वापाच इंचाच्या दोन ड्राइव्ह होत्या, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नसे. एकीचं डोकं जाड, तिची रेघ बोरूनं ओढल्यासारखी रुंद. दुसरी नंतरची, तिचं डोकं बारीक, रेघ पेनाची. अब्बांचा दंडक होता, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेला: जाडीच्या फ्लॉपीवर बारकीनं लिहायचं नाही. वाचायला हरकत नाही, लिहायचं नाही. कारण बारीक रेघेच्या दोन्ही कडांना जुनी रुंद रेघ उरते, आणि मग जाड डोक्याला नवं-जुनं दोन्ही एकदम ऐकू येतं आणि काहीच समजत नाही. बेबीबाईची फ्लॉपी जाडीवर बनवलेली. जाडी महिन्यातून एकदा चालवून तेलपाण्यात होती. परवेजनं तीच जोडली.

ड्राइव्ह घुरघुरली. आतून खरखर आली असती तर तिथेच संपलं असतं. खरखर आली नाही. चौथ्या प्रयत्नाला यादी उमटली, आणि सगळ्यात वर डॉक्टरांनी सांगून लिहून घेतलेली ओळ होती: अशा रक्ताच्या एकूण व्यक्ती आठ.

“वाच,” बेबीबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पडद्यासमोर येऊन बसली होती.

“भीमसिंग,” परवेजनं वाचलं.

“मन्हा नवरा. जाईसन बारा वरीस व्हयनात.” तिनं डोळे मिटून घेतले. “पुढे.”

“मोतीबाई.”

“मरी गयी.”

“दित्या. रुमाल्या. भाऊ-भाऊ दिसतस.”

वीरसिंग म्हणाला, “सौराष्ट्रमा शेतस, कापूस येचाले. फोन लागत नही त्यासना.” तरीही त्यानं लावून पाहिला. लागला नाही.

“रायमल.” मेला होता. “सोनकी.” ती पंच्याहत्तरीची, अंथरुणाला खिळलेली. “इंदी.” लग्न होऊन नर्मदेपल्याड गेलेली, कुठल्या गावी ते कुणालाच ठाऊक नाही. बेबीबाई एकेका नावावर जणू एकेक दार लावत होती. सात झाले. आठव्या नावावर ड्राइव्ह अडखळली, कुचकुच करत मागेपुढे झाली आणि पडद्यावर आलं: वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू का?

त्यानं पुन्हा केला. दहा वेळा केला. आणि दहाव्यांदा त्याला आठवलं.

शेवटचा पाडा. काठीच्या वरचा. डॉक्टर सगळ्यात शेवटी तिथे गेले होते; एकूण आकडा त्यांनी आधी कळवला होता, पण कागद उशिरा घेऊन आले होते. जाड ड्राइव्हवर अब्बा शिकवणी घेत होते, आणि परवेजला मित्रांबरोबर उरुसाला जायचं होतं. दहा मिनिटांचं काम. त्यानं फ्लॉपी बारीक ड्राइव्हमधे घातली आणि त्या पाड्याची नावं लिहून टाकली, दंडकाच्या खडूच्या अक्षरांना पाठ करून. अब्बांना ते कधी कळलं नाही. कुणालाच कळलं नाही, आजपर्यंत.

“काय व्हयनं?” वीरसिंगनं विचारलं.

राख, ओल, जुनाट यंत्र, कशावरही ढकलता आलं असतं. त्या दोघांना काय कळणार होतं? परवेजला ढकलावंसं वाटलं, आणि आपल्याला तसं वाटलं याचीच त्याला जास्त भीती वाटली.

“आठवं नाव शे. पन मी ते चुकीनी ड्राइव्हवर लिखं व्हतं,” तो म्हणाला. “राखनी चूक नही. मन्ही चूक शे.”

वीरसिंग एक पाऊल पुढे आला. मारेल असं परवेजला वाटलं, आणि मारलं असतं तरी त्यानं हात आडवा घातला नसता. बेबीबाई मात्र पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “मंग तूच काढ.”

बारीक ड्राइव्ह माळ्यावर होती, वीस वर्षं न चाललेली. आतलं वंगण मेणासारखं घट्ट झालं होतं, डोकं रुळावर जागच्या जागी चिकटलं होतं. परवेजनं स्पिरिटच्या बोळ्यानं रूळ पुसले, गुलशनच्या शिलाई मशिनचं तेल घातलं, डोकं बोटानं पुढे-मागे केलं. कॉम्प्युटरला नवी ड्राइव्ह ओळखवावी लागली. त्याचा सेल मेलेला, त्यामुळे दर वेळी वीज गेली की तो सगळं विसरायचा, आणि दुपारी दोनदा वीज गेली.

अडीच वाजता त्यानं एक भंगार फ्लॉपी घालून पाहिली. बाहेर काढली तर चकतीवर गोल चरा, चांदीच्या तारेसारखा. बेबीबाईची फ्लॉपी आधी घातली असती तर? त्यानं ड्राइव्ह परत खोलली. डोक्याला जुन्या थराचा कण चिकटला होता, तिळाच्या दहाव्या हिश्शाएवढा. भिंगाखाली तो पुसला. दुसरी भंगार फ्लॉपी, चरा नाही. तिसरी, चरा नाही. तीन वाजून दहा मिनिटं.

“आते खरी फ्लॉपी घालनी पडी,” तो म्हणाला, आणि मग गुलशनशी घरातल्या बोलीत पुटपुटला, “मेरा हाथ नहीं उठ रहा.”

“तो मैं डालूँ क्या?” गुलशन म्हणाली. जन्मात कधी तिनं त्या यंत्रांना हात लावला नव्हता. परवेजनं मान हलवली आणि फ्लॉपी स्वतःच घातली. खटका दाबला.

ड्राइव्ह फिरली. यादी पहिल्याच वेळी आली. सात नावं सरसर गेली. आठव्यापाशी क्षणभर दिवा तसाच जळत राहिला, आणि मग अक्षरं उमटली.

“नथ्थू,” परवेज म्हणाला. “वय बावीस. काठीना वरना पाडा.” छप्पन्न झाला असेल, हा हिशेब त्यानं मनातच केला. हा पण मेला असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. बेबीबाईचं तोंड बघवेना म्हणून तो पडद्याकडेच बघत राहिला.

“नथ्थू जिवत शे,” ती म्हणाली. “होळीले येस. यंदा काठीले मन्हा संगे नाचना. कोरीटमा चुनीलाल पाटीलकडे सालदार शे.”

कोरीट. मोटारसायकलवर अर्धा तास. परवेजला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. साऱ्या सातपुड्यातून कामाला पांगलेली माणसं होळीला काठीत एका जागी येतात म्हणून या बाईला प्रत्येकाचा ठावठिकाणा ठाऊक. चौतीस वर्षांपूर्वीची यादी फ्लॉपीत होती, पण आजची यादी बेबीबाईच्या डोक्यात होती.

चुनीलाल पाटलांचा नंबर मिळवायला दहा मिनिटं गेली. नथ्थू शेतात होता, मिरचीला पाणी देत. परवेज आणि वीरसिंग बांधावर पोचले तेव्हा त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “भीमसिंगनी पोर का?” वीरसिंगनं मान हलवली. नथ्थूनं पाण्याचं दार बंद केलं, पाय धुतले आणि मोटारसायकलवर मधे बसला. वाटेत परवेजच्या मनात एकच घोळत होतं: एकोणीस वर्षांच्या त्या उंडग्या पोरानं नावच चुकीचं टाइप केलं असलं तर? एक ओळ खालीवर झाली असली तर? रस्ताभर त्यानं अल्लाची करुणा भाकली आणि एकदा रस्त्यातल्या म्हशीला जवळजवळ धडकलाच.

दवाखान्यात डॉक्टरनं नथ्थूचं रक्त पुन्हा तपासायला घेतलं. तपासल्याशिवाय थेंबही चढवणार नाही, असं त्यानं बजावलं होतं. नथ्थू, वीरसिंग, परवेज आणि आधीच येऊन थांबलेली बेबीबाई, चौघं बाकावर बसून राहिले. पाच वाजून वीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, “जुळलं.” वीरसिंगनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. सहाच्या आत बाटली आशाच्या पलंगाशी टांगली गेली. मुंबईच्या दोन बाटल्या पहाटे आल्या.

शुक्रवारी दुपारी बेबीबाई दुकानात आली. आशानं पेज मागितली, पोरीला पाजलं, एवढं सांगून ती आपला भोपळा पुढे करून उभी राहिली. परवेजनं यादीचे तीन कागद छापून ठेवले होते, यादी वीरसिंगच्या फोनमधे घातली होती, दवाखान्यात दिली होती. ते सगळं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं शे. पन मन्ही माले दे.” मग पदराची गाठ सोडून तिनं राखेचं एक पुडकं काउंटरवर ठेवलं. “हाई तुन्हासाठे. तुन्हा कपाटमा ओल शे.”

परवेज हसला नाही. त्यानं अब्बांचा काळा डबा रिकामा करून त्यात राख पसरली आणि छापलेला एक कागद आत ठेवला.

“आते मन्ही फ्लॉपीमा आशानं नाव टाक,” बेबीबाई म्हणाली.

परवेजनं हात मागे घेतला. “माय, तिन्हावर मी आते काहीच लिखाव नही,” तो म्हणाला. “कागदवर लिखस. संगेच ठेव.”

तिला ते पटलं. त्यानं जाड कागद घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर तपासत लिहिलं: आशा, भीमसिंगची मुलगी. मग तो थांबला. “नातनं रगत तपासं का?”

“आजून नही,” बेबीबाई म्हणाली.

परवेजनं आशाच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली, कागदाची घडी घातली आणि फ्लॉपीला लावून भोपळ्यातल्या राखेत खोल सरकवली.